मामाला विचारायला डोंगरावर

भाताची रोवणी आटोपली की आमच्या गावात मेंढरांना पाय टेकवायला जागा उरत नसे. बांध्याबांध्यांत धान उभं राही आणि चिखलानं मेंढरांचे खूर सडत. म्हणून मामा पावसाळाभर कळप घेऊन डोंगरावर राहायचा. मामी अधूनमधून त्याचं जेवण घेऊन वर जायची. त्या श्रावणात मीही तिच्यासोबत निघाले.

बारावीनंतर मला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. नेमकं तेव्हाच बाबांनी वडशाचं स्थळ पक्कं केलं. दिवाळीनंतर लग्न. बाबांपुढे घरात कुणाचं चालत नसे. ऐकलंच तर मामाचं ऐकतील, असं आई म्हणायची. माझं कशात लक्ष लागेना. चुलीवर भात करपायचा. विहिरीवर गेले की दोर हातात धरून नुसतीच उभी राहायचे.

चढण लागली तशी मी मामीला मागे टाकून पळत सुटले. बांबूच्या बेटांतली वाट, शेवाळलेले दगड. घसरले, गुडघा फुटला. मामी खालून ओरडली, "हळू चाल ना पोरी! डोंगर पळून जाऊन राह्यला का?"

मी थांबायचे, ती जवळ आली की पुन्हा निघायचे. मामाला काय सांगायचं ते मनात जुळवायचे आणि पुढच्या वळणावर ते विसकटायचं.

माथ्यावर झाडं संपली, गवत लागलं. घोंगडी पांघरलेला मामा मला बघून दचकलाच. "तू काऊन आली? घरी बरं हाये ना?"

"मामा, मले आत्ता लगन नाई करायचं. मले शिकायचं हाये. तुमी बाबाले सांगा."

मामा खाली बसला. एका मेंढीचा पाय मांडीवर घेऊन खुरातला चिखल काढू लागला. ती सोडून दुसरी धरली. खाली बांध्या, त्यापलीकडे वैनगंगा, मामी बोटानं दाखवत होती. मला काही बघवत नव्हतं.

"मामा, ऐकलं का?"

"ऐकलं. जेव पयले."

उत्तर न घेताच उतरले. पुढचे दिवस फाटक वाजलं की मी दारात. मग एका संध्याकाळी बाबा बाजारातून आले ते लालबुंद होऊन. कळप मामीवर सोपवून मामा थेट वडशाला गेला होता. पोरगी शिकणार आहे, थांबता येत असेल तर थांबा, असं सांगून आला. मुलाकडच्यांनी दुसरी मुलगी बघितली.

मामा घरी आला तेव्हा बाबा ओट्यावरूनच ओरडले, "माह्या घरात तोंड घालणारा तू कोण?"

"तिचा मामा," तो म्हणाला आणि पाणीही न पिता परत फिरला.

बाबा रागातच मला गडचिरोलीला नर्सिंगला सोडून आले. वाटलं होतं, तिथे गेल्यावर जीव थाऱ्यावर येईल. पण आईकडे तिचा भाऊ येईनासा झाला होता. वॉर्डात पट्टी बांधतानाही तेच मनात घोळायचं. सीमेवरच्या सिरोंच्याकडे नोकरी लागली, रोग्यांशी मोडकं तेलुगू बोलू लागले, तरी सुट्टीत घरी गेले की आधी ओट्याखाली मामाच्या चपला शोधायचे.

बाबा आणि मामा पुन्हा बोलले ते माझ्या लग्नात. मांडव कुठे घालायचा यावरून दोघे तासभर भांडले. आई आत पुऱ्या लाटत होती. लाटणं खाली ठेवून तिनं पदर डोळ्यांना लावला आणि मला म्हणाली, "भांडू दे त्यायले."