ठोंब्याचा विमा

लिफ्टमामा सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होता आणि राहत होता मात्र तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. त्याची बायको हे चारचौघांत सांगायची आणि वर नवऱ्याच्या पोटाकडे बोट दाखवायची. भाची त्याला मामा म्हणायची, तेच नाव पुढे सगळ्या वस्तीने उचललं. कंपनीतर्फे वार्षिक देखभालीचं कंत्राट सोसायट्यांना समजावून सांगायचं कामही त्याच्याकडे असे. कंत्राटात काय येतं ते खणखणीत आवाजात, काय येत नाही ते पुटपुटत. मोटर जळली, दोर झिजला, की ते कंत्राटाबाहेरचं. त्यामुळे हमी, विमा असले शब्द कानावर पडले की मामा आधी सावरून बसायचा.

कुत्रा त्याचा नव्हताच. तो ताईचा. मोठी बहीण गेल्या वर्षी हृदय बंद पडून तडकाफडकी गेली आणि मागे राहिला हा सहा वर्षांचा बुलडॉग. ताईची मुलगी, म्हणजे भाची, वसतिगृहात राहून शिकत होती. तिथे कुत्र्याला कोण घेणार? मग मामाच त्याला घेऊन आला. चपटं नाक, सुरकुतलेलं तोंड, वाकडे पाय, आणि नाव ठोंब्या. पहिले दोन महिने मामाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या महिन्यात त्याच्या तोंडाच्या घड्या रोज ओल्या फडक्याने पुसायचं काम कसं कोण जाणे, मामाच्याच गळ्यात पडलं. "माझ्या पाठीला कधी साबण लावला नाहीत," मामी म्हणायची, "आणि याचे गाल पुसताय."

उन्हाळा सुरू झाला तसा ठोंब्या धापा टाकू लागला. एका दुपारी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो एकदम आडवा झाला. जीभ निळसर पडली होती, घशातून करवत चालल्यासारखा आवाज येत होता. मामाने त्याला उचललं, खाली आणलं, नळाखाली ओलं केलं आणि रिक्षा करून प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला ऑक्सिजन लावला, घसा तपासला. म्हणाल्या, "नाकपुड्या अरुंद आहेत आणि टाळूचा मागचा भाग लांब आहे. श्वासाची वाटच अडते. या जातीत असतं हे. ऑपरेशन करावं लागेल." आकडा ऐकून मामा खुर्चीत बसला. तीन महिन्यांचा पगार होता तो.

रविवारी भाची लॅपटॉप घेऊनच आली. "मामा, कुत्र्यांचाही विमा निघतो. आजारपणाचा खर्च तीस दिवसांनंतर मिळतो. आता काढायचा, महिनाभर थांबायचं, मग ऑपरेशन."

"आणि हा प्रश्न?" मामाने पडद्यावर बोट ठेवलं. कुत्र्याला आधीपासून श्वासाचा त्रास आहे का, असं तिथे विचारलं होतं.

"नाही म्हणायचं. फक्त डॉक्टरांच्या कागदावर तसं लिहिलेलं नको."

"खोटं लिहायचं म्हणजे!" मामी म्हणाली. पण तिनेही पुढे काही ताणलं नाही. आकडा तिलाही माहीत होता.

मामाला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला आणि खाली मान घालून म्हणाला, "बाई, त्या दिवशीचं जे लिहिलंत ना... ते जरा मोघम करता येईल का?"

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच त्याला जास्त लागलं. "मी ते बदलणार नाही," त्या म्हणाल्या. "पण समजा, बदललं. मग तुम्हाला महिनाभर थांबावं लागेल. बाहेर ऊन बघताय ना? पुढच्या वेळी तुम्ही घरी असालच असं नाही."

घरी येऊन मामाने विमा कंपनीला फोन लावला आणि जे होतं ते सांगून टाकलं. पलीकडची मुलगी गोड आवाजात वाचू लागली. श्वासाचा त्रास आधीचा, त्याचा खर्च मिळणार नाही. या जातीत डोळे, कातडी आणि कंबरेचा सांधाही वगळलेला आहे.

"मग राहिलं काय, मॅडम? शेपूट?" मामा म्हणाला. "ते तर देवाने याला दिलंच नाही."

मुलगी हसली. म्हणाली, "अपघात आहे ना, सर. हाड मोडलं, पाय दुखावला, तर मिळेल."

मामी बाजूलाच उभी होती. "तेवढा तरी घ्या," ती हळूच म्हणाली.

"काही नको! सगळं बाहेरचंच आहे यांचं," म्हणून मामाने फोन ठेवला. राग कंपनीचा होता, पण बोलणी मामीला खावी लागली.

ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. घर रंगवायला ठेवलेली पुंजी त्यात गेली. मामा दवाखान्याच्या बाकावर चार तास बसला, कंपनीचे तीन फोन त्याने उचलले नाहीत. ठोंब्या शुद्धीवर आला तेव्हा श्वास बिनआवाजाचा होता. मामीने मामाकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला.

अडीच महिने बरे गेले. मग एका सकाळी ठोंब्याने पलंगावरून उडी मारली, केकाटला, आणि मागचा उजवा पाय टेकवेनाच. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं. पुन्हा ऑपरेशन, नाहीतर सहा आठवडे सक्त विश्रांती आणि जन्माचं थोडं लंगडणं. या वेळी पुंजी नव्हती. मामाने विश्रांती निवडली.

भाची आली ती फणकारतच. "अपघाताचा विमा तरी घ्यायचा होता, मामा! पायाच्या ऑपरेशनचा सगळा खर्च मिळाला असता. आणि माझं ऐकलं असतंत तर पहिलाही. एक महिना थांबायचं होतं फक्त."

मामी काही बोलणार होती, पण मामाने हातानेच तिला थांबवलं.

"अपघाताचं चुकलंच माझं," तो म्हणाला. "पण थांबायचं मला जमलं नसतं." "तुझ्या आईने जायच्या तीन आठवडे आधी मला फोन केला होता. म्हणाली, हल्ली जिना चढताना धाप लागते रे. मी म्हटलं, वजन कमी कर, उन्हाळा सरला की जाऊ डॉक्टरकडे. हे मी कुणाला सांगितलं नाही. मामीलाही नाही."

मामी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. भाचीने मामाकडे पाहिलं नाही. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"मला पण म्हणाली होती आई," ती म्हणाली. "माझी परीक्षा होती."

भाची उठली, ठोंब्याच्या गादीपाशी जाऊन बसली आणि त्याचा दुखरा पाय अलगद मांडीवर घेतला.

"याची गोळी किती वाजता असते?" तिने विचारलं.

"पाचला," मामा म्हणाला. "पेढ्याएवढा भाताचा गोळा करून त्यात घालायची. नुसती दिली तर थुंकतो."