अर्धी घोंगडी

सोलापूरच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसून मी लोकांचे इंग्रजी अर्ज लिहीत असे. इंग्रजीचा तेव्हा मला माजही फार होता. एकदा अक्कलकोटकडचा एक म्हातारा धनगर आला. त्यानं घोंगडी अंथरली, अर्ध्या भागावर बसला आणि उरलेला अर्धा हातानं झटकून मोकळा ठेवला.

तक्रार गिरणीच्या भोंग्याची होती. बायकोला सोसत नाही, म्हणाला. मी ‘ॲग्रव्हेट’ लिहिलं आणि थबकलो. भोंग्यानं दुखणं बळावत असेल तरच तो शब्द. नुसता जाच होत असेल तर ‘ॲनॉय’ पुरे. चुकीच्या शब्दाचा अर्ज साहेब भिरकावून देई.

"पाव्हणं, दुखणं वाढतंय, की नुसताच त्रास होतोय?"

"दुखणं आता कुटलं, रावसाब? वरीस झालं, गिरणीमागं माळावर पुरलीया तिला. भोंगा झाला की दचकून उठती. मग पुन्यांदा निजवायला लागतं."

मी पहिला शब्द खोडला. दुसरा लिहिणार, तोच दुपारचा भोंगा झाला. म्हातारा वळला आणि मोकळ्या घोंगडीवर हळूहळू थोपटू लागला.

मी टाक खाली ठेवला. कागदाचासुद्धा आवाज होऊ दिला नाही.