टोपीच्या जागी हेल्मेट

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचं तर भाऊ न्यायला आला पाहिजे, ही आमच्या खानदेशातली रीत. एसटीने एकटी गेलीस तर काय बिघडतं, असं मला पुण्याच्या मैत्रिणी विचारतात. बिघडत काहीच नाही. पण मुऱ्हाळी दारात आला, पाणी प्याला, सासरच्यांनी त्याला टॉवेल-टोपी दिली आणि मग आपण पिशवी उचलली, यात जे सुख आहे ते तिकीट काढून मिळत नाही. माझा धाकटा भाऊ दरवर्षी यायचा. गिरणाकाठच्या आमच्या गावाहून धुळ्यावरून सोनगीरला, मोटारसायकलवर, डोक्याला रुमाल गुंडाळून.

सोनगीरला माझं सासर, घर हायवेच्या अगदी जवळ. ब्रेक करकचला की आम्ही हातातलं काम थांबवतो आणि पुढचा आवाज येतो का ते ऐकतो. इतकी वर्षं असं कान देऊन राहिल्यावर एका आखाजीला मी ठरवलं, यंदा टोपी नाही. धुळ्याला जाऊन दोन हेल्मेटं आणली, एक त्याला, एक मला. पाटावर बसलेल्या भावाला कुंकू लावलं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि टोपीच्या जागी हेल्मेट ठेवलं. सासूबाईंचा चेहरा पडला.

"टोपीना जागावर हाई काय शे, बाई?"

भाऊ तर लाजून लाल. "अक्का, बठ्ठा हासतीन माले," म्हणाला. हसलेच. आम्ही दोघं हेल्मेटं घालून गावात शिरलो तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं की चंद्रावरून आलात की काय. पण बहिणीने दिलेला आहेर म्हणून त्याने ते वापरलं. वर्षभर वापरलं. बाजारात, शेतात, तालुक्याला, कुठेही जाताना. रात्री देवळीत ठेवायचा, पोरांना हात लावू द्यायचा नाही.

आणि मग साहेबांना राज्याचा स्वाभिमान आठवला.

साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. भाऊ त्यांचा कार्यकर्ता, म्हणजे बॅनर बांधणारा, खुर्च्या मांडणारा, साहेब आले की गाडीचं दार उघडणारा. त्या सुमारास दिल्लीने वाहतुकीच्या कायद्यात दंड वाढवले आणि लोक चिडले. साहेबांचं सरकार तेव्हा राज्यात होतं, दिल्लीत नव्हतं. एवढं पुरेसं होतं. राज्याने वाढीव दंड लांबणीवर टाकले आणि साहेबांनी चौकात सभा घेतली. "दिल्लीचा कायदा आपल्या राज्याच्या वेशीवर थांबेल," म्हणाले. "आपल्या माणसाच्या डोक्यावर काय असावं ते आपण ठरवू." आणि कार्यक्रम काय ठेवला, तर हेल्मेट फोडायचं. नारळ फोडतात तसं, चौकात, सगळ्यांसमोर.

आता गंमत बघा. फोडायला हेल्मेट हवं ना. एवढ्या गर्दीत ते होतं कुणाकडे? माझ्या भावाकडे. साहेबांनी माईकवरून त्याला हाक मारली, "या, भाऊ." ज्याला कधी स्टेजच्या पायरीवर कुणी उभं केलं नव्हतं त्याला साहेबांच्या शेजारी जागा मिळाली. त्याने हेल्मेट दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं आणि फरशीवर आपटलं. फुटेना. मी चांगलं बघून आणलं होतं. पुन्हा पुन्हा आपटावं लागलं. शेवटी काच तुटली, कवचाला तडा गेला आणि साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रे वाघा."

त्याचा व्हिडिओ मला त्यानेच पाठवला, कौतुकाने. मी तो इतक्या वेळा पाहिला की मागचं सगळं पाठ झालं. मागे साहेबांची गाडी उभी आहे. तिच्या बाजूला साहेबांचा मुलगा त्याच्या महागड्या मोटारसायकलवर बसलाय, टाळ्या वाजवतोय. त्याच्या डोक्यात हेल्मेट आहे. हनुवटीखालचा पट्टासुद्धा नीट लावलेला आहे.

मी फोनवर भावाला नको नको ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "अक्का, दिल्लीना कायदा दिल्लीमा. आपला राज्यमा नही शे. साहेबनी सांगं." मी म्हटलं, साहेबांच्या पोराचं डोकं कोणत्या राज्यात येतं ते विचार. तो हसला. मी नवीन हेल्मेट आणून देते म्हटलं तर म्हणाला, आता घातलं तर साहेबांचा अपमान होईल, सगळ्यांनी पाहिलंय ना. हीच आमच्या माणसांची जात. कायदा मोडायला बिचकतात, पण मोठ्या माणसाच्या शब्दाबाहेर जायला त्याहून जास्त बिचकतात.

पुढच्या आखाजीला मी पिशवी भरून दारात बसले होते. ब्रेकचा आवाज आला नाही, काहीच आला नाही, कारण ते सोनगीरच्या अलीकडे, धुळ्याच्या बाजूला घडलं. वाळूच्या गाडीतून सांडलेल्या वाळूवर चाक घसरलं. वेगसुद्धा फार नव्हता. दवाखान्यात मी पाहिलं, हाताला खरचटलं होतं आणि गुडघ्याला थोडं लागलं होतं. बाकी सगळं डोक्यात होतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, हेल्मेट नव्हतं का. आहेराचा टॉवेल घरात तसाच पडून होता. मी त्या वर्षीही टोपीच्या जागी हेल्मेटच आणलेलं होतं, साहेबांना काय वाटायचं ते वाटो म्हणून.

पंचनाम्याला आलेल्या हवालदाराला मी विचारलं, आपल्या राज्यात हा कायदा नव्हता ना? तो बिचारा खाली बघत म्हणाला, "होता की, ताई. हेल्मेट सक्तीचं आधीपासूनच आहे. दंड वाढवायचा तेवढा थांबवला होता. आणि आम्हाला सांगितलं होतं, जास्त धरपकड करू नका." म्हणजे काही रद्द झालंच नव्हतं. साहेबांना ते माहीत होतं. व्हिडिओतल्या त्यांच्या मुलाला माहीत होतं. फक्त माझ्या भावाला माहीत नव्हतं.

राज्याने दिल्लीसमोर उभं राहू नये असं माझं म्हणणं नाही. जरूर राहावं. चुकीचा कायदा असेल तर विधानसभेत बोलावं, कोर्टात जावं, घटनेत जेवढी जागा दिली आहे तिथे पाय रोवून उभं राहावं. यांना ते नको असतं. त्यात कष्ट आहेत आणि टाळ्या नाहीत. आणि पुढे काय झालं? साहेबांनी पक्ष बदलला, दिल्लीच्या बाजूचे झाले. आता दुसऱ्या एका राज्याने दिल्लीचा कुठला कायदा लागू करणार नाही म्हटलं की साहेब टीव्हीवर त्याला घटनाद्रोह म्हणतात. तोच आवाज, तेच बोट. मला त्या माणसाची शिसारी येते, आणि मी हे माहेरात मोठ्याने बोलते म्हणून तिथे काही लोक मला आता टाळतात.

भाऊ जगला. चालतो, हाताने जेवतो. मला ओळखतो की नाही हे दिवसावर असतं. आखाजीला मी आता एसटीने जाते, माझी मीच.

यंदा गेले तर गावात रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होता. साहेब हेल्मेटं वाटणार होते. आणि कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की पहिलं हेल्मेट माझ्या भावाच्या हातात द्यायचं, म्हणजे लोकांना धडा मिळेल. मी नको म्हटलं. माय म्हणाली, मोठा माणूस बोलावतोय, नाही कसं म्हणायचं. मग मी त्याचा हात धरून स्टेजवर गेले. साहेबांनी कायद्याचं महत्त्व सांगितलं. मग भावाकडे वळून नवं कोरं हेल्मेट पुढे केलं आणि माईकवरच म्हणाले, "या, भाऊ."

तो आवाज त्याने ओळखला. माझा त्या दिवशी ओळखला नव्हता, तो ओळखला. त्याने हेल्मेट दोन्ही हातांनी घेतलं, डोक्याच्या वर उचललं आणि सगळा जीव लावून फरशीवर आपटलं. ते फुटलं नाही म्हणून तो वाकला, उचललं, पुन्हा आपटलं. मग पाठ थोडी वाकवून साहेबांकडे बघत उभा राहिला, थाप पडायची वाट पाहत.