कुंकू पुसलेलं खोरं

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी माधवनगरच्या घरी गच्चीवरच्या कुंड्यांची माती उकरत बसलो होतो. फोन काकींचा होता. "आरं, तुजं तात्या गेलं... च्या पिऊन शेडापाशी बसलं हुतं, तितंच मान टाकली." एवढंच बोलून त्यांनी फोन शेजारणीच्या हातात दिला. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि उंब्रजपासून थोडं आत असलेल्या आमच्या गावी ऊस करून राहिले. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे पुतण्याचा मान आणि पुतण्याची बोलणी, दोन्ही माझ्या वाट्याला आली. दुपारी नदीकाठी गावातल्या माजी सैनिकांनी त्यांच्यावर तिरंगा पांघरला. मग एका तरुण पुढाऱ्यानं श्रद्धांजली वाहताना घसा ताणून सांगितलं, "ज्या वीरानं शत्रूच्याच खोऱ्यानं शत्रूला कंठस्नान घातलं..." मी खाली मान घातली. ते वाक्य माझं होतं. वीस वर्षांपूर्वी मीच ते एका भाषणात ठोकून दिलं होतं आणि तेव्हापासून ते गावात फिरत होतं. ते खोटं नव्हतं, पण ते ऐकून तात्यांना काय होत असे हे ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलोय. म्हणून हे लिहितोय.

तात्यांची एक खोड सगळ्या गावाला माहीत होती. ते खोऱ्याला हात लावत नसत. उसाला पाणी पाजायचं तर एका सरीचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं. खोऱ्याचे चार फटके मारले की झालं. तात्या हे हातांनी करायचे. गुडघाभर चिखलात ओणवे होऊन माती ओंजळीनं काढायची, पायानं दाबायची. दिवसभरात जितक्या सऱ्या भिजायच्या त्याच्या निम्म्याच भिजत. बांधावरून जाणारा कुणीतरी हटकून ओरडायचा, "आवं हवालदार, खोरं घ्या की! का सरकारनं दिलं तरच उचालनार?" तात्या हसून हात वर करायचे आणि पुन्हा ओणवे व्हायचे. घरात खोरं होतं, पण ते काकी वापरायच्या आणि काम झालं की शेजारच्या गोठ्यात नेऊन ठेवायच्या. मी लहानपणी एकदा कारण विचारलं तर काकी म्हणाल्या, "त्येंला आवडत न्हाई," जणू भेंडीच्या भाजीबद्दल बोलत असाव्यात. गावानं मात्र ठरवून टाकलं होतं की मिलिटरीचा माणूस, जरा ताठा असायचाच. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटे.

उलगडा झाला तो बिरूमामांमुळे, म्हणजे निदान मला तसं वाटलं. बिरूमामा जत भागातले मेंढपाळ, तात्यांच्या पलटणीतले जोडीदार. वर्षातून एकदा यायचे, येताना ज्वारीचं गाठोडं आणि एखादं घोंगडं आणायचे, आणि दोघं ओसरीवर बसून तासन्‌तास काहीही बोलत नसत. मी नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो त्या वर्षी तात्या रानात गेलेले असताना बिरूमामांनी मला एकाहत्तरच्या लढाईतली ती पहाट सांगितली. धुकं होतं, आपली माणसं शत्रूच्या खंदकापर्यंत पोचली आणि मग गोळीबाराला जागाच उरली नाही. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं उचललं. बिरूमामांनी शत्रूचीच मशीनगन तोंड फिरवून त्याच्यावरच चालवली. "आन तुजा तात्या... त्येची रायफल अडाकली, तर खंदकातलं खोरं उचाललं बग त्येनं! खोरं!" एवढं सांगून ते तंबाखू मळायला लागले. पुढचं माझ्या डोक्यानं भरून काढलं. मास्तरांचं डोकं या कामात फार तयार असतं.

झालं. मी शाळेत सांगितलं, गावात सांगितलं, मग गावातल्या तरुण मंडळाला सांगितलं. त्यांनी खंडेनवमीला तात्यांचा सत्कार ठरवला. त्या दिवशी आमच्याकडे घरोघरी शस्त्रं आणि अवजारं धुऊन पुजतात. कोयता, विळा, पाना-पक्कड, अगदी ट्रॅक्टरलासुद्धा झेंडूची माळ पडते. सत्काराला शाल आणि नारळ तर सगळेच देतात, आपण वेगळं काही देऊ, असं मीच सुचवलं. लोहाराकडून नवंकोरं खोरं करून घेतलं, दांडा पॉलिश केला, त्यावर तात्यांचं नाव कोरलेली पितळी पट्टी ठोकली. खोरं पाटावर ठेवून त्याच्या पात्याला पाच बोटांनी हळदीकुंकू लावलं. मग मी भाषण केलं, ते कंठस्नानाचं. टाळ्या थांबेनात. तात्या पाटासमोर आले, हार घालण्यासाठी वाकले आणि तसेच थांबले. पात्यावर ओल्या कुंकवाचे पाचही बोटांचे ओघळ उतरले होते. त्यांनी हार खाली ठेवला. खांद्यावरचा पंचा काढून तांब्यातल्या पाण्यानं भिजवला आणि ते पातं पुसायला लागले. सावकाश, कडेपर्यंत, उलटून मागूनही. पुसून झाल्यावर माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाले, "ह्येला कुकू लावू नगा." खोरं काखेत धरून ते घरी चालते झाले. लोक म्हणाले, म्हातारा भावनाविवश झाला. मीही तसंच म्हटलं, कारण दुसरं काही म्हणायची माझी छाती नव्हती.

दिवाळी येऊन गेली तरी तात्या माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी एका रविवारी मी गावी गेलो तर ते उसात पाणी पाजत होते. मी चपला काढल्या, पँट वर केली आणि त्यांच्याशेजारी ओणवा झालो. तीन सऱ्या आम्ही मिळून भिजवल्या. चौथीला म्हणाले, "मास्तर, बिरूनं तुला आर्दंच सांगितलंय." मग हात चिखलात ठेवूनच त्यांनी उरलेलं सांगितलं. खंदकात उडी मारली तर समोर एक गडी, दोन हातांवर. त्याचीही बंदूक निकामी. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. त्याचं खोरं भिंतीला टेकवलेलं होतं आणि तात्यांचा हात आधी पोचला. "येकदाच मारलं... मंग हात सुटंना. बिरूनं येऊन बोटं उकलली माजी." पाणी सरीतून पुढं जात होतं, तिकडं ते बघत राहिले. "दांड्याला चिंधी गुंडाळल्याली हुती रं. आपला आबा गुंडाळायचा, तशीच. खालनं वर, आन गाठ आत दाबल्याली. हाताला फोड येऊ नेत म्हनून. रानातला गडी हुता त्यो, मास्तर. माज्यासारकाच." आबा म्हणजे त्यांचे वडील, माझे आजोबा. मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुजी चूक न्हाई, तुला ठावं नव्हतं. आता भाषनात सांगू नगंस. ल्ह्यायचंच झालं तर मी गेल्यावर ल्ही. आन ल्हिताना ती चिंधी इसरू नगंस."

त्यानंतर मी ती गोष्ट कुणालाही सांगितली नाही. पण एक सल राहिलाच. लढाईत एकदा हाती आलेलं खोरंच जणू मी पॉलिश करून, नाव कोरून पुन्हा त्यांच्या हातात दिलं होतं. ते सत्काराचं खोरं त्यांनी कुठं टाकलं असेल... नदीत, उकिरड्यावर, भंगारात? विचारायचा धीर वीस वर्षांत झाला नाही. पुढं बिरूमामा गेले, त्यांच्या गावाहून निरोप आला तेव्हा तात्या दोन दिवस जेवले नाहीत. या उन्हाळ्यात शेवटचा भेटलो तेव्हा गुडघ्यांनी पार दगा दिला होता, रान दुसऱ्याला खंडानं कसायला दिलं होतं. जाताना माझा हात हातात घेऊन तळव्यावर अंगठा फिरवला आणि चेष्टेनं म्हणाले, "मास्तराचा हात! येक घट्टा न्हाई गड्या!" मी हसलो. तो स्पर्श मला अजून जाणवतो आणि रडू येतं, ते लपवून काय करू?

तेरावं झाल्यावर काकींनी मला माळ्यावरून मोठं पातेलं काढायला सांगितलं. पातेल्यामागं भिंतीला टेकवून ते खोरं उभं होतं. पितळी पट्टी काढलेली, तिच्या खिळ्यांची दोन भोकं तेवढी राहिलेली. पातं कोरंच होतं, मातीत एकदाही गेलेलं नव्हतं, पण गंजाचा ठिपकाही नव्हता. आणि दांड्याला हिरव्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली होती. खालून वर, गाठ आत दाबलेली. मी ते घेऊन खाली उतरलो. काकींनी पाहिलं आणि त्या पातेलं विसरल्या.

"दर खंडेनवमीला तेवढं काम सोता करायचं," त्या म्हणाल्या. "पुसायचं, त्याल लावायचं, जुनी चिंधी सोडून नवी गुंडाळायचं. माज्या जुन्या लुगड्याची पट्टी मागायचं. मी म्हनायची, आवं, वापरायचं न्हाई तर चिंधी कशाला? तर म्हनायचं, 'आगं, त्येच्या हाताला फोड येत्याल.'" काकींनी पदरानं डोळे टिपले. "कुनाच्या, ते काय मला कळलं न्हाई बाबा. इचारलं तर नुसतं हसायचं."

मी खोरं होतं तिथं नेऊन ठेवलं. येत्या खंडेनवमीला गावी जायचंय. काकींना सांगून ठेवलंय, एखादं मऊ लुगडं बाजूला काढून ठेवा.