तीस शितांचे भाऊजी

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण ज्याने केली त्याला जन्माचा वैरी मानणारा माणूस उभ्या भारतात एकच असेल, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. भाऊजी रायपूरच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या पोरांना संख्याशास्त्र शिकवतात. नमुना कसा निवडायचा आणि त्यावरून एखादा अंदाज टिकतो की नाही हे कसं तपासायचं, एवढे दोनच धडे ते गेली तीस वर्षं शिकवत आलेत, आणि उरलेल्या वेळात तेच दोन धडे ताईच्या संसारावर चालवतात. एक शीत चेपून भात उतरवणं हा त्यांच्या मते अडाणीपणा. “वरचं शीत एक सांगते, बुडाचं दुसरंच सांगते. तीसच्या खाली नमुना म्हणजे नुसत्या गप्पा, राजा,” असं म्हणत ते पातेल्याच्या वरून, मधून आणि तळातून दहा-दहा शितं काढून ताटलीत मांडतात, एकेक बोटाने चेपतात आणि वहीत खुणा करतात. निष्कर्ष नेहमी बरोबर निघतो. भात मात्र तोवर खिमट झालेला असतो, आणि धानाच्या या मुलुखात राहूनही ताईच्या घरी मी आजवर मोकळा भात खाल्लेला नाही.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे तर शिक्षाच. चौबे कॉलनीच्या कोपऱ्यावर बसणारी भाजीवाली बाकी सगळ्या गिऱ्हाइकांवर “छाँटो मत” म्हणून खेकसते. भाऊजींना मात्र ती निवडून घ्या म्हणून हात जोडते. कारण भाऊजी खिशातून आकड्यांचा एक तक्ता काढतात, त्यात कसलाही क्रम नसलेले आकडे असतात. डोळे मिटून त्यावर बोट ठेवतात, आणि सतरा निघाला की ढिगातलं सतरावं टमाटर उचलतात, मग ते नासकं का असेना. “गुरुजी, एला झन लव, सर गे हे!” हे घेऊ नका, सडलंय म्हणून ती बिचारी कळवळते. सडलेलं वगळलं तर ढिगाचं खरं चित्र कसं मिळेल, हे तिला शांतपणे समजावून भाऊजी ते पिशवीत टाकतात. कॉलनीत सगळे त्यांना मागून ‘नमुना’ म्हणतात. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते दिवसभर अस्वस्थ होते. “म्हणोत ना बापडे,” ते मला म्हणाले, “पण कायचा नमुना, ते त सांगा! मी कोणाचा प्रतिनिधी आहो?” मी म्हटलं, भाऊजी, तुमच्यासारखा दुसरा कोणी नाही. “मंग नमुना कसा झालो?” असं विचारून ते परत विचारात पडले.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर माझ्या भाचीने आपलं लग्न आपणच ठरवलं. मुलगा तिच्याच नवा रायपूरच्या ऑफिसातला, गुढियारीत राहणारा, छत्तीसगढी घरचा, बोलायला गोड. ताईला तो पहिल्या चहाच्या कपातच आवडला. पण भाऊजींनी ‘पोरगा चांगला आहे’ असं वहीच्या डोक्यावर लिहिलं, खाली रेघ मारली, आणि या विधानाची चाचणी होईल असं जाहीर केलं. एका भेटीवर काहीच ठरत नाही, तीस भेटी पाहिजेत. आणि नुसता रविवारी इस्त्री करून येणारा पोरगा म्हणजे पक्षपाती नमुना, म्हणून भेटींचे दिवस आणि वेळा चिठ्ठ्या टाकून ठरणार. “पापा, वो आदमी है, टमाटर नहीं!” भाची ओरडली. ती लहानपणापासून मराठीतलं सगळं समजते आणि हिंदीत भांडते. भाऊजी म्हणाले, “चांगल्या पोराले नकार देला त पहिल्या प्रकारची चूक. वाईट पोराले होकार देला त दुसऱ्या प्रकारची. मी दोन्हीले भिऊन राहिलो.” ताईने विचारलं, “आन माह्या बापानं तुमाले होकार देला, ते कोणत्या प्रकारची?” यावर भाऊजी खरंच हिशेब मांडायला बसले, तेव्हा ती आत निघून गेली.

मुलगा मात्र खमक्या निघाला. मे महिन्यातल्या भर दुपारी आला, पहाटे सहाला येऊन दूधवाल्याच्या मागे उभा राहिला, एकदा तापाने फणफणलेला आला आणि भाऊजींनी ‘आजारी असताना: शांत’ अशी नोंद केली. तिसावी भेट पार पडल्यावर त्याचे आईवडील रीतसर बोलणी करायला आले. वडील मालधक्क्यावर हमालांचे मुकादम होते, साधा, थेट माणूस. चहा झाला आणि त्यांनी विचारलं, “तो गुरुजी, रिश्ता मंजूर समझें?” भाऊजी वही घेऊन उभे राहिले. “लड़का अच्छा है, इस बात को नकारने लायक प्रमाण मुझे नहीं मिला.” मुकादमांनी माझ्याकडे पाहिलं. “माने, स्वीकार है?” भाऊजींनी मान हलवली. “स्वीकार तो हमारे शास्त्र में होता ही नहीं. ज़्यादा से ज़्यादा इतना कह सकते हैं, कि नकार नहीं सकते.” मुलाच्या आईने लाडूची प्लेट खाली ठेवली. दोन मिनिटांत पाव्हणे जिना उतरले, आणि भाचीने आतून कडी लावली.

तीन दिवस ती कोणाशीच बोलली नाही, हिंदीतही नाही. मुलाच्या घरून निरोप आला की असं उपकार केल्यासारखं नातं आम्हाला नको. भाऊजींना कळेचना आपलं काय चुकलं. “पेपरात ‘परिकल्पना स्वीकारली’ लिहिलं का मी पोट्ट्यांचा मार्क काटतो, राजा. आता मीच कसा बोलू?” मी चिडून त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि गुढियारीकडे निघालो. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडीचे डबे संपता संपेनात, आणि तिथे मागून भाऊजी हळूच म्हणाले, “खरं सांगू? शास्त्र गेलं खड्ड्यात. हो म्हटलं का पोट्टी जाते.” इतक्या वर्षांत त्यांनी वही न उघडता बोललेलं हे पहिलं वाक्य. माझा सगळा राग उतरला.

मुकादम दारातच उभे होते, आत या म्हणाले नाहीत. “हमर लइका तुँहला पसंद हे के नहीं? सोझ बतावव, गुरुजी.” त्यांना सरळ उत्तर हवं होतं. भाऊजींनी “देखिए” म्हणून सुरुवात केली आणि थांबले. त्यांचा हात खिशाकडे गेला, रिकामाच परत आला. मुलगा आत आईच्या मागे उभा राहून भाऊजींच्या तोंडाकडे पाहत होता.

“हव,” भाऊजी म्हणाले, नुसतं ‘हो’. मग कोणाला ऐकू गेलं नसेल असं वाटून मोठ्याने म्हणाले, “हव, हव!”

लग्न थाटात झालं. पाठवणीची गाडी गेल्यावर भाऊजी मांडवाच्या खांबाशी एकटेच उभे दिसले. मी जवळ गेलो तर नेहमीच्या वर्गातल्या आवाजात म्हणाले, “डब्यातून चिठ्ठी काढाच्या दोन पद्धती असतात. एकीत काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकतात. दुसरीत नाही टाकत. मी पोट्ट्यांले दरसाल सांगतो, दुसरी जास्त चांगली.” मग गाडी गेली त्या वाटेकडे पाहत म्हणाले, “आमच्या डब्यात त एकच होती, राजा.”  मी नुसता त्यांचा हात धरला, आणि मांडववाले खुर्च्या उचलेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.