तिला नेवाशाला पाठवलं तेव्हा

फिजिओथेरपीचा अभ्यासक्रम संपला की मुलांना सहा महिने इंटर्नशिप असते. कुणी कुठं जायचं ती यादी आमच्या नगरच्या कॉलेजात मी करते. मुलं पसंती लिहून देतात, मार्कांप्रमाणे जागा मिळते. पुण्याच्या एका मेंदूविकार केंद्रात मात्र आमची एकच जागा, आणि तिथं शिक्षकाची शिफारस लागते. त्या शिफारशीच्या बाबतीत मी जे केलं, ते आजवर घरातही बोलले नाही.

मुलगी शेवगावकडची. वर्गात पहिली होती, त्याचं मला काही नव्हतं. पहिलं दरवर्षी कुणीतरी येतंच. पण आखडलेला सांधा हलवताना नेमकं कुठं थांबायचं, हे तिच्या हातांना आपोआप कळायचं. मला ते कळायला दहा वर्षं लागली होती.

खांदा आखडलेल्या एक मावशी कॉलेजच्या दवाखान्यात माझ्याकडे यायच्या. त्यांना स्वतःचा अंबाडा घालता येत नव्हता. एक दिवस मी रजेवर होते, तेव्हा तिनं त्यांना पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी हात लावला तर म्हणाल्या, "बाई, तुमी ऱ्हाऊ द्या. ती पोरगी कुठं हाय? माझा खांदा तिचं लई ऐकतो."

"मीच शिकवलंय तिला," मी म्हणाले.

"व्हय? मग तुमाला का न्हाई येत?"

शेजारच्या पलंगावरचे हसले. मीही हसले. त्या दुपारी डबा मात्र उघडला नाही.

पसंतीच्या फॉर्मवर तीन जागा लिहायच्या असतात. तिनं एकच लिहिली होती, पुणे. लकव्याच्या पेशंटबरोबर काम शिकायचं, हे तिचं पहिल्या वर्षापासूनचं स्वप्न. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'अजून देखरेखीची गरज.' पुण्याची जागा वर्गात दुसरा आलेल्या मुलाला गेली, आणि दुसरी पसंतीच नसल्यानं हिला उरलेलं नेवाशाचं ग्रामीण केंद्र.

ती केबिनमध्ये आली. भांडली असती तर बरं झालं असतं.

"मॅडम, माझं कुठं चुकतंय? सांगा ना, मी सुधारेन."

काय सांगायचं ते मी ठरवलंही नव्हतं. तोंडातून आलं, "तुझे हात आगाऊ आहेत. मोजायच्या आधीच ठरवून मोकळे होतात."

तिनं ते वहीत लिहून घेतलं आणि "थँक यू मॅडम" म्हणून गेली.

दोन महिन्यांनी पाहणीसाठी नेवाशाला गेले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांचा पाय ती वाकवत होती. जरासा वाकवायची, प्लास्टिकचा कोनमापक लावायची, आकडा लिहायची, पुन्हा जरासा.

"आता दुखतंय, आजोबा? आता?"

"अगं, दुखलं की मीच वरडंन! तू वाकीव तर!"

तिनं माझ्याकडे पाहिलं, बरोबर चाललंय ना, असं. मला आधी बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण आधी बरंच वाटलं. परतीच्या बसमध्ये, शिंगणापूरच्या फाट्यावर गाड्यांच्या गर्दीत अडकलो तेव्हा, त्या अर्ध्यात थांबलेल्या गुडघ्याशिवाय दुसरं काही सुचेना.

आमच्या विभागप्रमुखांना सांगितलं, तिची शिफारस करायची राहून गेली. राहून गेली, इतकंच; शेऱ्याचं नाव काढलं नाही. पुण्याच्या केंद्रानं एक जादा जागा दिली, आणि उरलेले चार महिने तिला तिकडं पाठवायचं ठरलं.

तिथली प्रमुख माझी वर्गमैत्रीण. परवा तिचा फोन आला. "पोरगी फार हुशार पाठवलीस गं." एवढं ऐकून मला पुन्हा तिचा हेवा वाटला. ती पुढं म्हणाली, "पण पेशंटला हात लावायला घाबरते. सारखी मोजत बसते. कुणी घातलंय हे हिच्या डोक्यात?"

"मी."

"काय?"

"मी घातलंय. तिच्या हातांत काही खोट नव्हती. मला बघवत नव्हतं."

मी उठून केबिनचं दार लावून घेतलं.

"ती तिथं आहे का?" मी विचारलं. "तिला फोन दे."