मलिद्यातली कोळंबी

माझ्या बायकोच्या मामांइतकं ठासून चुकीचं बोलणारा माणूस या अख्ख्या नेगेवच्या वाळवंटात झाला नाही, आणि आता होणारही नाही. आमच्या ओफाकिम गावचा भाजीवाला बिचारा मोरोक्कोतल्या ऑलिव्हच्या बागेत वाढलेला. त्याला मामांनी ठणकावून सांगितलं की ऑलिव्ह भुईमुगासारखे जमिनीखाली येतात. तो दुकान टाकून मामांना हाताला धरून झाड दाखवायला घेऊन गेला. मामांनी झाड नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "हे कुणीतरी चिकटवलेत." संध्याकाळपर्यंत दोघे जिवलग दोस्त! नेतिवोतच्या बसमध्ये तर हैफाच्या बंदराला समुद्रच नाही असं म्हणून त्यांनी सगळी बस अंगावर घेतली. हिब्रू मोडकीतोडकी, पण आवाज मुंबईच्या गिरणीतला. मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा चिडून विचारलं, तर म्हणतात कसे, "जावईबापू, बरोबर बोललं की माणूस मान हलवतो नि चालू लागतो. चुकीचं बोललं की थांबतो, भांडतो, चहा पाजतो. परक्या मुलखात आणखी काय पाहिजे?"

आमच्या लेकीच्या, याएलच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती पाच वर्षांची होती. ऑपरेशन छान झालं, घशातली नळी काढली, आणि मग पोरगी खोकेचना. छातीत कफ साठत चाललेला. संध्याकाळपर्यंत खोकली नाही तर पुन्हा नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण खोकलं की टाके दुखत, म्हणून तिनं ओठ मिटले ते मिटलेच. नर्सनं फुंकायला फुगा आणला, बायको हातापाया पडली, मी रागावलोसुद्धा. तेवढ्याशा पोरीवर रागावलो, काय म्हणावं मला!

दुपारी मामा आले. अतिदक्षता विभागात आईबापांखेरीज कुणाला सोडत नसत. मामांनी दारातल्या नर्सला सांगितलं की हृदय उजवीकडे असतं. ती बाई त्यांची समजूत घालत घालत त्यांना थेट खाटेपर्यंत घेऊन आली. मामा खुर्ची ओढून बसले. "याएल, तू बरी झालीस की एलियाहू हनाबीला मलिदा करायचा नवस बोललोय. पोहे भिजवू, गूळ, खोबरं, वेलची, पाच फळं..." मलिद्याच्या ताटात फळं मांडायचं काम नेहमी याएलचं. तरी ती गप्पच. "आणि वरून कोळंबी."

आम्हां ज्यूंना कोळंबी मुळातच वर्ज्य, आणि ती एलियाहू प्रेषिताच्या ताटात! पोरीचे डोळे हे एवढाले झाले.

"लो, सबा," ती हिब्रूत कुजबुजली. नाही, आजोबा.

"नाही कसं? आमच्या कोकणात कोळंबीशिवाय मलिदा होत नाही. सोलून घालू की अख्खी?"

"लो!" ती ओरडली, आणि त्या ओरडण्यासरशी खोकला आला. कळवळली, रडली. मामांनी टाक्यांना आधार म्हणून तिच्या छातीशी उशी धरली आणि म्हणाले, "बरं, मग खेकडा घालू." ती रडत रडत हसली, भांडली, पुन्हा खोकली. चार वेळा, पाच वेळा! नर्सनं टाळ्या वाजवल्या. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! हा आमचा माणूस आहे, आमचा, असं सगळ्या इस्पितळाला ओरडून सांगावंसं वाटलं.

बाहेर आल्यावर मामा मटकन बाकावर बसले. आत जाताना घालायला दिलेल्या इस्पितळाच्या झग्याची गाठ त्यांना सुटेना. मी सोडवायला वाकलो तर माझा हात घट्ट धरून म्हणाले, "फार दुखलं का रे तिला?" मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही.

पुढे कितीदा तरी त्यांनी हेच विचारलं. मामांना जाऊन आता चार वर्षं झाली. याएल लष्करात आहे. गेल्या आठवड्यात सुट्टीवर आली तेव्हा मी तिला त्या दुपारबद्दल विचारलं. दुखल्याचं तिला काहीच आठवत नाही. सबानं खूप हसवलं होतं, एवढंच आठवतं. मामा असताना हे तिला विचारायचं मला सुचलं नाही.